दातांच्या डॉक्टरकडे, तोंड उघडण्याआधी



गेल्या दोन महिन्यांत गटांच्या बैठकांना जिथं जिथं गेलो, तिथं हिशेब संपल्यावर आम्ही एक प्रश्न विचारला. "दातांच्या डॉक्टरकडे गेली होतीस, तेव्हा तू काय बोललीस आणि डॉक्टर काय बोलले?" दात कसा आहे, किती पैसे गेले, हे विचारलंच नाही. फक्त बोलणं विचारलं. बाया आधी हसल्या. "तिथं काय बोलतं माय, तोंडात तर सारी अवजारं," असं एक आजी म्हणाल्या. मग एकीमागून एक आठवणी निघाल्या आणि बैठक तासभर लांबली. त्यातून जे कळलं ते, आणि जाणत्या लोकांनी या विषयाचा जो अभ्यास केला आहे त्यातलं थोडं, असं दोन्ही आज सांगतो.

आजींचं म्हणणं खरंच आहे. पोट दुखत असलं तर डॉक्टर पोट दाबतात आणि आपण बोलत राहतो. दातांच्या डॉक्टरकडे ज्या तोंडानं बोलायचं, तेच तोंड कामाची जागा असतं. खुर्ची मागे कलली, दिवा डोळ्यांवर आला की "आँ" शिवाय शब्द फुटत नाही. काम संपलं की तोंडात कापसाचा बोळा. म्हणजे बोलायला हातात राहतात खुर्चीत बसण्याआधीची चार-पाच मिनिटं. आपल्या बाया नेमकी तीच मिनिटं गप्प राहून घालवतात.

डॉक्टर आणि रोगी काय बोलतात, हा साऱ्या जगात अभ्यासाचा विषय आहे. दोघांची परवानगी घेऊन बोलणं टेपवर घेतात, मग एकेक वाक्य मोजतात. प्रश्न कोणी विचारला, धीर कोणी दिला, मध्येच कोणी तोडलं. अमेरिकेत डेब्रा रोटर यांनी अशी वाक्यं वर्गवारीनं मोजायची एक पद्धतच बसवली. त्याच देशात १९८४ साली दोन संशोधकांनी ७४ भेटी तपासल्या. ते डॉक्टर दातांचे नव्हते, साधे आजार बघणारे होते. रोगी आपलं दुखणं सांगायला लागला की सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला मध्येच थांबवत होते. पूर्ण सांगता आलं ते जेमतेम १७ जणांना. शिकल्यासवरल्या देशातली ही गत, तर आपल्याकडे दवाखान्याबाहेर पन्नास माणसं ताटकळत असताना किती सेकंद मिळत असतील, ते तुम्हीच बघा. तेवढ्यात कामाचं वाक्य निघायला पाहिजे.

कामाचं वाक्य आपल्याजवळ असतंच, ही यातली चांगली गोष्ट. दातदुखीसाठी आपल्या बोलीत किती शब्द आहेत बघा. दात शिवशिवते. सणक मारते. दाढ ठणकते. चावलं की कळ जाते. हिरडी ठुसठुसते. चिंच खाल्ली की दात आंबते. हे सगळे वेगळे शब्द आहेत, कारण ती दुखणीही वेगळी आहेत. थंड पाण्यानं क्षणभर शिवशिवतं आणि थांबतं, तेव्हा बहुतेक वेळा दाताचं वरचं कवच झिजलेलं असतं किंवा कीड अजून वरवर असते. रात्री आडवं झाल्यावर ठणका सुरू होतो आणि गोळी घेऊनही झोप येत नाही, तेव्हा दाताच्या आतला जिवंत भाग सुजलेला असण्याची शक्यता मोठी. चावतानाच कळ जाते तेव्हा मुळाशी काहीतरी आहे किंवा दाताला तडा गेला आहे. ठुसठुस आणि सोबत सूज, म्हणजे पू धरला असेल. नक्की काय ते डॉक्टर तपासून आणि फोटो काढून ठरवतात, पण कुठून तपासायला सुरुवात करायची, हे त्यांना या शब्दांतून कळतं.

आणि आपण काय करतो? घरी दिवसभर "ठणकते, ठणकते" म्हणणारी बाई डॉक्टरसमोर गेली की म्हणते, "पेन होते." का, तर डॉक्टर शहरातले, आपली बोली त्यांच्यासमोर बरी दिसत नाही. अगं, "पेन होते" यातून डॉक्टरला काहीच कळत नाही. "खालची उजवी दाढ, चार दिवस झाले, रातच्याला ठणकते, गरम चहानं जास्त," हे वाक्य म्हणून बघा. १८ सेकंदांपेक्षा कमी वेळ लागतो. गाल सुजला असेल, ताप असेल किंवा गिळायला त्रास होत असेल, तर मात्र ओळीत थांबू नका. तसं खिडकीवरच सांगा. ते त्याच दिवशी बघायचं दुखणं आहे.

शब्दांचा घोटाळा दुसऱ्या बाजूनंही होतो. डॉक्टर म्हणतात, "दाताला कीड लागली आहे." आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? कापसाच्या बोंडातली अळी. मग आपण म्हणतो, "मग औषध टाका ना जी, मरून जाईल." बाजाराच्या दिवशी दातातली कीड काढून दाखवणारे बसायचे, त्यांचं पोट याच शब्दावर चालायचं. दातात अळी नसते. दातांवर जो चिकट थर बसतो त्यात डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात. आपण खाल्लेल्या गोडावर ते जगतात आणि आम्ल तयार करतात. त्या आम्लानं दात विरघळत जातो. गेलेला भाग औषधानं परत येत नाही, म्हणून कुजलेलं कोरून काढून खड्डा भरावा लागतो. डॉक्टरांनी एकदा हे सांगितलं तर बाई औषधाचा हट्ट धरत नाही. पण "कीड" हा शब्द दोघंही वापरत असतात, त्यामुळे समोरच्याला समजलं असंच दोघांना वाटत राहतं.

"भूल" या शब्दाचंही तसंच. डॉक्टर म्हणाले, "भूल देतो." बाईला बाळंतपणातलं ऑपरेशन आठवलं, ती उठून बाहेर आली. दातांसाठी बहुतेक वेळा तेवढीच जागा बधिर करतात. आपण जाग्या असतो, ऐकतो, बघतो. मात्र बधिर केल्यावरही दाब जाणवतो, ओढल्यासारखं वाटतं, कटकट आवाज येतो. हे आधी सांगितलेलं नसलं की बाईला वाटतं औषध चढलंच नाही, आता दुखेल. ती अंग आखडून घेते आणि मग खरंच जास्त त्रास होतो. म्हणून विचारून घ्या, "मला काय काय जाणवेल?"

एक भीती तर प्रत्येक गावात ऐकली. वरची दाढ काढली की डोळा जातो. वरच्या दातांच्या नसा वेगळ्या आणि बघण्याची नस वेगळी. दाढ काढल्यानं नजर जात नाही. वय झालं की दातही पडतात आणि मोतीबिंदूही होतो, लोकांनी दोन्हीची गाठ मारली. काही डॉक्टर ही भीती ऐकून हसतात. हसले की बाई गप्प होते, आणि घरी येऊन सांगते, "पुढच्या खेपेला जाईन." ती पुढची खेप येत नाही. दंत महाविद्यालयात शिकणाऱ्या पोरापोरींपैकी कोणी हे ऐकत असतील तर त्यांनाही आमचं सांगणं आहे, बाबांनो, हसू नका, दोन वाक्यांत समजावून सांगा.

आता ज्या गोष्टीवर बैठकीत सगळ्यात जास्त बोलणं झालं, तिच्याकडे येतो. ती म्हणजे रूट कॅनाल. एका ताईनं सांगितलं, "डॉक्टरनं अर्धंच काम केलं, पैसे घेतले, दोन महिन्यांत दाढ फुटून गेली." तिला विचारलं, किती वेळा गेली होतीस? "एकदाच. दुखणं बसलं मग काहून जाऊ?" त्या गावात पुष्कळ बायांनी मान डोलावली. त्यांचंही तसंच झालं होतं.

यात होतं असं. कीड दाताच्या आतल्या जिवंत भागापर्यंत गेली की डॉक्टर पहिल्याच खेपेला तो दुखरा भाग काढतात. ठणका थांबतो. पण दाताच्या मुळांतल्या बारीक नळ्या अजून साफ करून भरायच्या असतात. तोवर वरून कच्चं सिमेंट लावलेलं असतं. ते थोड्या दिवसांपुरतंच. आपण परत गेलो नाही की ते निघून जातं, आत पुन्हा जंतू शिरतात. शिवाय कोरलेली दाढ पोकळ आणि ठिसूळ झालेली असते. तिच्यावर टोपी बसवली नाही तर हरभऱ्याचा एक दाणा चावताना तिचे दोन तुकडे होतात. म्हणजे पहिल्या खेपेला दुखणं थांबलं तेव्हा दात बरा झालेला नव्हता, दुखणं सांगणारी नस तेवढी गेली होती. हे एक वाक्य त्या ताईला कोणीतरी सांगितलं असेल, किंवा नसेलही. सांगितलं असेल तर बधिर तोंडानं, डोकं गरगरत असताना ऐकलं असेल. डॉक्टर म्हणतील मी सांगितलं होतं, ताई म्हणते नाही सांगितलं. दोघंही खरं बोलत असतील.

यावर जगभर एक साधा उपाय शिकवतात. डॉक्टरांनी सांगून झालं की रोग्यानं ते आपल्या शब्दांत परत सांगायचं. डॉक्टर म्हणत नसले तर आपणच म्हणायचं, "साहेब, मले काय समजलं ते सांगून पाहतो, चुकलं तर सांगा. अजून तीनदा यायचं, मधात सिमेंट निघालं तर लगेच यायचं, शेवटी टोपी बसवायची." यानं डॉक्टरचा वेळ जात नाही, उलट वाचतो. कुठलाही भला डॉक्टर यावर रागावणार नाही.

पैशांचं बोलणंही इथंच करायचं, आणि तिथंच आपण लाजतो. दाढ वाचवता येते असं डॉक्टर म्हणतात आणि बाई म्हणते, "काढूनच टाका ना जी." डॉक्टरला वाटतं हिला दाताची किंमत नाही. बाईच्या डोक्यात चाललेलं असतं चार खेपांचं एसटीचं भाडं, चार दिवसांची बुडालेली मजुरी, वेचणीचे दिवस, घरी लहान लेकरू. हे तिनं बोलून दाखवलं नाही तर डॉक्टरला कसं कळावं? "एकूण किती खर्च, आज किती, किती खेपा, दोन खेपा एका दिवसात बसतील का, वेचणी संपल्यावर टोपी बसवली तर चालेल का, सरकारी दवाखान्यात हे होतं का," असं विचारलं की बऱ्याचदा मधला रस्ता निघतो. काही दाढांचं काम एकाच बैठकीत पूर्ण होऊ शकतं. आणि सगळं ऐकूनही काढायचीच ठरली तर तोही तुमचा हक्क आहे, फक्त तो समजून घेतलेला निर्णय असावा.

आमच्या काही गटांनी यातून एक रीत पाडली. दातांसाठी अंतर्गत कर्ज मागितलं की गट विचारतो, एकूण किती आणि किती खेपा? उत्तर नसलं तर ती बाई आधी जाऊन विचारून येते. कर्ज नाकारायचं नसतं. पण या निमित्तानं तिला डॉक्टरला विचारायला एक कारण मिळतं. "गटात सांगा लागते जी," असं म्हटलं की लाज वाटत नाही.

खुर्चीत बसण्याआधी आणखी काही गोष्टी डॉक्टरांना सांगायच्या असतात. त्या लपवल्या तर जिवावर बेतू शकतं. साखरेचा आजार, बीपी, हृदयाचं दुखणं, रक्त पातळ ठेवायची गोळी, एखाद्या औषधानं पूर्वी अंगावर गांधी उठली असेल तर ते औषध. नावं पाठ नसतात, म्हणून गोळ्यांची पाकिटंच पिशवीत टाकून न्या. रक्त पातळ करणारी गोळी दात काढायचा म्हणून मनानं बंद करू नका, ते डॉक्टर ठरवतील. आपल्या विदर्भात सिकलसेल पुष्कळ घरांत आहे. त्याचं कार्ड असेल तर ते घेऊन जा आणि पहिल्यांदा तेच दाखवा. सिकलसेलच्या रोग्याला दात काढताना वेगळी काळजी घ्यावी लागते.

दिवस गेले असतील तर तेही. चौथ्या ते सहाव्या महिन्यात दातांचं काम करायला सगळ्यात सोयीचं असतं, पण ठणका असेल तर कुठल्याही महिन्यात जाता येतं, अंगावर काढू नका. अडचण अशी की सुरुवातीच्या महिन्यात घरच्यांनाही सांगितलेलं नसतं आणि सोबत सासरे किंवा दीर असतो. अशा वेळी कागदावर लिहून डॉक्टरच्या हातात द्या, किंवा "मॅडम, एक मिनिट एकटीला बोलायचं आहे" म्हणा. तेवढं त्यांना समजतं.

तंबाखूचं तर विचारूच नका. डॉक्टर विचारतात, "तंबाखू खाता का?" बाई म्हणते, "नाही." ती खोटं बोलत नाही. ती खर्रा खाते, त्याला ती खर्राच म्हणते. किंवा गुडाखू, मशेरी, तपकीर दातांना लावते, आणि ते तिच्या लेखी दात घासणं झालं. म्हणजे प्रश्नच चुकीचा आहे. "दाताला काय लावता, तोंडात काय ठेवता, सुपारी खाता का," असं विचारलं तर खरं उत्तर येईल. डॉक्टरांनी तसं नाही विचारलं तरी आपण आपणहून सांगावं. सासूसमोर सांगता येत नसेल तर वर सांगितलेली चिठ्ठी आहेच.

हे एवढं का सांगतो? नुसत्या सुपारीनंही तोंड आखडतं. गालांच्या आतली कातडी कडक होत जाते, तिखट झोंबायला लागतं, जबडा हळूहळू कमी उघडतो. हा आजार डॉक्टरी पुस्तकात पहिल्यांदा नोंदला गेला तो १९५२ साली, आणि ज्या पाच जणींवरून नोंदला गेला त्या पूर्व आफ्रिकेत राहणाऱ्या भारतीय बायाच होत्या. पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, मुंबईच्या डॉक्टर जोशींनी त्यावर लिहिलं. यात कर्करोगाचा धोका असतो. आपली तीन बोटं उभी करून तोंडात जातात का, हे घरीच बघा. जात नसतील तर डॉक्टरला हे दुखण्याच्याही आधी सांगा. आणि तोंडातला फोड, पांढरा चट्टा किंवा जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर दुखत नसली तरी दाखवा.

आमच्या ओळखीतल्या एका काकूंना गालात अशी जखम होती. डॉक्टरनं सांगितलं, "बारीक तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल." बस, एवढंच. त्या घरी आल्या. शेजारणी म्हणाल्या, चाकू लागला की पसरते. काकू सहा महिने गेल्या नाहीत. गेल्या तेव्हा अर्धा जबडा काढावा लागला. तुकडा काढल्यानं कर्करोग पसरतो हे खरं नाही. आहे की नाही, आणि कसला आहे, हे ठरवायचा तोच मार्ग आहे. डॉक्टर तेव्हा आणखी एक वाक्य बोलले असते, किंवा काकूंनी "पसरते म्हणतात, खरं आहे का?" असं विचारलं असतं, तर ते सहा महिने वाया गेले नसते. आज काकू पातळ वरण-भात खातात आणि बैठकीला येतात. हे सांगायची परवानगी त्यांनीच दिली.

आता सोबत येणाऱ्या माणसांबद्दल. नवरा, मुलगा, भाऊ सोबत येतात ते चांगलंच. पण बोलतात तेच. डॉक्टर विचारतात, "कधीपासून दुखतं?" नवरा सांगतो, "दोन दिवस." दुखत असतं दोन महिन्यांपासून. झरी, मारेगाव, केळापूरकडच्या कोलामी किंवा गोंडी बोलणाऱ्या आजींचं तर सगळं बोलणं नातवामार्फत होतं. आजी मोठं वाक्य बोलते, नातू दोन शब्द सांगतो. बंजारा तांड्यावरही असंच ऐकलं. अशा वेळी नातवाला आधीच सांगून ठेवा, "मी म्हणते तेच सांग, तुझ्या मनचं नको." डॉक्टरांनीही प्रश्न विचारताना आजीकडे बघावं, नातवाकडे नाही.

निर्णयाच्या बाबतीत तर कायदाच स्पष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २००८ मध्ये समीरा कोहली यांच्या खटल्यात निकाल दिला. त्या दुर्बिणीनं तपासणी करायला गेल्या होत्या. बेशुद्ध असताना त्यांच्या आईची संमती घेऊन गर्भाशय काढून टाकलं गेलं. न्यायालय म्हणालं, रोगी सज्ञान आहे, जिवावरचा प्रसंग नव्हता, तर आईची संमती चालणार नाही. तपासणीची संमती म्हणजे उपचाराची संमती नव्हे. उपचार काय आहे, कशासाठी, दुसरा मार्ग कोणता, धोका काय, नाही केला तर काय होईल, हे रोग्याला सांगितलं पाहिजे. प्रकरण दातांचं नव्हतं, पण संमतीचा नियम दाताच्या खुर्चीलाही लागू आहे. एक दात काढायला बसलात तर दुसरा काढण्याआधी तुम्हाला विचारायला हवं. तुमच्या नवऱ्याला विचारून भागत नाही.

तोंड उघडं असताना काय करायचं, याचं उत्तर हात. खुर्चीत बसल्याबरोबर ठरवून घ्या, "मी डावा हात वर केला की थांबा." डॉक्टर बहुधा उजव्या बाजूला असतात, म्हणून डावा. पुष्कळ बायांना हात वर करायची वेळच येत नाही. थांबवता येतं एवढं माहीत असलं तरी धडधड कमी होते. दातांच्या भीतीवरही अभ्यास आहे. अमेरिकेतल्या नॉर्मन कोरा यांनी १९६९ मध्ये चार प्रश्नांची एक चाचणी केली : उद्या जायचं आहे, बाहेर वाट बघता आहात, खुर्चीत बसलात आणि मशीन तयार होते आहे, दात साफ करायची अवजारं काढली जात आहेत, अशा वेळी किती भीती वाटते? ४ ते २० गुण. आम्ही एका बैठकीत गंमत म्हणून हे विचारलं. पाऊणशे पोती कापूस वेचणारी, साप दिसला तर काठी घेऊन धावणारी आमची एक मैत्रीण वीसाला टेकली. भीती वाटते हे डॉक्टरला सांगण्यात कमीपणा नाही. सांगितलं की ते हळू घेतात, थांबत थांबत करतात.

लेकरांच्या बाबतीत घरचं बोलणंही मोजलं जातं. "दंगा केला तर डॉक्टर सुई टोचेल" असं आपणच वर्षभर म्हणतो आणि मग ते पोर खुर्चीत बसत नाही. मुलांच्या डॉक्टरांची १९५९ पासूनची एक पद्धत आहे. आधी सांगायचं, मग अवजार हातावर फिरवून दाखवायचं, मग करायचं. असं करणारा डॉक्टर भेटला तर घाई करू नका, आणि मध्ये "काही नाही होत, काही नाही होत" असं ओरडत राहू नका.

दात काढल्यानंतरच्या सूचना काढण्याच्या आधी सांगायला लावा. नंतर तोंडात बोळा, सोबतचा माणूस औषधाच्या दुकानात, आणि डॉक्टर पुढच्या रोग्याकडे वळलेले. बोळा साधारण पाऊण तास दाबून धरायचा. चोवीस तास थुंकायचं नाही, जोरात चूळ भरायची नाही, गरम खायचं नाही, खर्रा तर नाहीच. त्या खड्ड्यात रक्ताची जी गाठ धरते ती जखमेचं झाकण असते. थुंकून किंवा ओढून ती निघाली की दोन-तीन दिवसांनी आधीपेक्षा भयंकर कळा येतात. ओठ बधिर असेपर्यंत जेवू नका, लेकरांना तर मुळीच देऊ नका, ती ओठ चावून घेतात.

सावंगी मेघेच्या शरद पवार दंत महाविद्यालयात किंवा नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात जाणाऱ्या बायांची एक तक्रार असते : एकच गोष्ट तीनदा विचारतात आणि डोक्यावर इंग्रजीत बोलतात. तिथं शिकणारी मुलं आधी विचारतात, मग त्यांचे सर किंवा मॅडम तपासतात. चार वर्षांचं शिक्षण आणि एक वर्ष प्रत्यक्ष काम, असा त्यांचा अभ्यास असतो, आणि आपल्याला विचारणं हाही त्याचाच भाग आहे. प्रत्येक वेळी तेच आणि तेवढंच उत्तर द्या, कंटाळून बदलू नका. इंग्रजी बोलणं झालं की मात्र विचारा, "माझ्याबद्दल काय बोललात ते मराठीत सांगा." शिकणाऱ्या पोरीला आपलं उत्तर नीट देता आलं, तर पुढे ती जिथं दवाखाना टाकेल तिथल्या बायांचंही काम सोपं होतं.

राहिली कवळी. म्हाताऱ्या आई-आजींच्या कवळ्या डब्यात पडून असतात, कारण "टोचते". टोचते तर परत जाऊन सांगायचं असतं, ते कामाचाच भाग आहे. मात्र जायच्या आदल्या दिवशी कवळी तोंडात घालून ठेवा, थोडं टोचलं तरी. मग हिरडीवर जिथं लागतं तिथं लाल खूण दिसते आणि डॉक्टर कवळीची तेवढीच जागा घासून देतात. डब्यातून काढून हातात नेली, आणि "कुठंतरी टोचते" म्हटलं, तर त्यांनाही घासायचं कुठं ते कळत नाही.